सासूचा रकाना

प्रति,
महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांमधील स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र विभागांचे सर्व पदव्युत्तर मार्गदर्शक

सप्रेम नमस्कार.

"मॅडम, मागच्या दोन वर्षांचे पीआयएचवरचे थिसिस काढून ठेवा, पोराला फॉरमॅट बघायचाय," हे वाक्य मी माझ्या नोकरीत किती वेळा ऐकलं याची गणती नाही. (पीआयएच म्हणजे गर्भारपणात वाढणारा रक्तदाब.) अठ्ठावीस वर्षं मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होते. वाचनालयाच्या मागच्या बाजूला, झेरॉक्स मशीनच्या पलीकडे, थिसिसची चार लोखंडी कपाटं होती. मरून रेक्झिनची बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं. परीक्षेच्या आधी दोन महिने त्यांच्या किल्ल्या माझ्या टेबलावरच असायच्या, एरवी महिनोन्महिने कोणी मागायचं नाही. एका कपाटाला पावसाळ्यात वाळवी लागली, तेव्हा आम्ही बावीस खंड रद्दीत काढले. त्याच्या मंजुरीच्या कागदावर माझीही सही आहे. त्या कपाटांत काय राहून गेलं आणि काय बाहेर यायला हवं, याबद्दल हे पत्र आहे, आणि ते लिहायला लागण्याचं तेही एक कारण.

निवृत्तीनंतर मी घरी बसून एक काम करते. ते काय आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं हवेत वाटेल. पबमेडवर, म्हणजे जगभरच्या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत, आज साडेतीन कोटींहून जास्त लेखांच्या नोंदी आहेत. गर्भारपणातला रक्तदाब, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, वारंवार होणारे गर्भपात अशा एकेका विषयावर हजारोंनी लेख आहेत आणि ते कोणा एका माणसाला आयुष्यभरात वाचून होणार नाहीत. म्हणून संगणकाला वाचायला बसवतात. संगणक लेखांच्या सारांशांतून जनुकांची नावं हुडकतो, आजारांची नावं हुडकतो, एकाच वाक्यात दोन्ही आली की जोडी लावतो. मग माझ्यासारखं कोणीतरी ते वाक्य वाचून 'बरोबर', 'चूक' किंवा 'सांगता येत नाही' अशी खूण करतं. जनुक पिवळ्या रंगात, आजार हिरव्या रंगात. दिवसाला साठ-सत्तर सारांश होतात, चष्म्याचा नंबर वाढतो.

अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका गटाने २०१२ साली अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीसाठी असाच एक कोश प्रसिद्ध केला. तीसेक हजार लेखांवरून यंत्र फिरवलं, त्यातले हजाराच्या आतबाहेर माणसांनी वाचण्यालायक ठरले आणि ते वाचून जनुकांची यादी तयार झाली. पुढे २०१६मध्ये त्याच गटाने प्रीएक्लॅम्प्सियासाठी, म्हणजे गर्भारपणात दाब चढून आईला आणि बाळाला धोका होण्याच्या आजारासाठी, दुसरा कोश केला. आपल्याकडे परळच्या आयसीएमआरच्या प्रजनन आरोग्य संस्थेने पीसीओएस या अंडाशयाच्या विकारावर असा कोश बांधला आहे. पहिल्या आवृत्तीत २४१ जनुकं होती, २०२० सालच्या दुसऱ्या आवृत्तीत ५३३ झाली. तेव्हा हे काही परदेशातलंच खूळ आहे असं म्हणू नका, परळमधेही हेच चालतं.

या सगळ्याची सुरुवात एका ग्रंथालयशास्त्राच्या माणसाने केली, हे मी आमच्या व्यवसायाच्या अभिमानाने सांगते. शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालय विद्यालयात डॉन स्वॉन्सन नावाचे प्राध्यापक होते, मूळचे भौतिकशास्त्रातले. १९८६ साली त्यांनी लेखांचे दोन वेगळे गठ्ठे समोर ठेवले. एकात माशाच्या तेलाने रक्त पातळ राहतं, बिंबिका (प्लेटलेट) कमी चिकटतात असं होतं. दुसऱ्यात रेनॉच्या आजारात, म्हणजे थंडीने बोटं पांढरी पडतात त्या आजारात, रक्त घट्ट असतं, बिंबिका जास्त चिकटतात असं होतं. दोन्ही गठ्ठ्यांतले लेखक एकमेकांचं वाचत नव्हते. स्वॉन्सन म्हणाले, मग माशाचं तेल या आजारात देऊन बघा. तीन वर्षांनी रुग्णांवर चाचणी झाली आणि बऱ्याच अंशी त्यांचं खरं ठरलं. दवाखान्याची पायरी न चढता, कपाटातल्या दोन कप्प्यांना एकमेकांची ओळख करून देऊन! आम्हा ग्रंथपालांना यापेक्षा मोठा आनंद कोणता?

आता आपल्या विषयाकडे येते. तुमच्या विषयात असे कप्पे कसे जुळले ते आपण जाणताच, पण मी ते बाहेरून पाहिलं आहे, म्हणून माझ्या शब्दांत सांगते. तेराव्या गुणसूत्राची तिसरी प्रत असलेला गर्भ पोटात असेल तर आईला प्रीएक्लॅम्प्सिया जास्त होतो, हे जुनं निरीक्षण. तो एक कप्पा. २००३ साली बोस्टनमध्ये अनंत करुमांची यांच्या गटाने दाखवलं की या आजारात वारेतून एसएफएलटी१ नावाचं प्रथिन वाजवीपेक्षा जास्त सुटतं, ते रक्तवाहिन्यांच्या अस्तराला लागणारे वाढघटक धरून ठेवतं, मग दाब चढतो, लघवीतून प्रथिनं जायला लागतात. हा दुसरा कप्पा. हे प्रथिन बनवणारं एफएलटी१ जनुक बसलेलं असतं तेराव्या गुणसूत्रावरच. तिसरा कप्पा नॉर्वे आणि अमेरिकेतल्या युटा राज्याच्या जन्मनोंदींचा. १९९८च्या नॉर्वेच्या अभ्यासात दिसलं की ज्या पुरुषाच्या एका बायकोला हा आजार झाला, त्याच्यापासून दुसऱ्या बाईला दिवस गेले तर तिलाही धोका जास्त. २००१च्या युटाच्या अभ्यासात दिसलं की ज्या पुरुषाच्या स्वतःच्या जन्माच्या वेळी त्याच्या आईला प्रीएक्लॅम्प्सिया होता, त्याच्या बायकोलाही तो होण्याची शक्यता जास्त. आणि मग २०१७ साली, तीन लाखांहून जास्त लोकांच्या जनुकांची तुलना करून, गर्भाच्या जनुकसंचात एफएलटी१च्या शेजारीच या आजाराशी जोडलेला फरक सापडला. गर्भाच्या! आईच्या नव्हे. वार बाळाच्या पेशींची, आणि बाळात अर्धा वाटा बापाचा.

ही जोडणी माणसांनी केली, यंत्राने नाही. पण हे तिन्ही कप्पे लिहून ठेवलेले होते म्हणूनच ती करता आली.

माझं लग्न १९८३चं. पुढच्या वर्षी आठव्या महिन्यात माझ्या पायांवर सूज आली, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले. "बाळंतपणात असं होतंच," असं आजूबाजूच्या बायका म्हणाल्या. दवाखान्यात नेईपर्यंत झटके आले होते. मला एका अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं, उजेडाने झटका येतो म्हणून, एवढंच आठवतं. मुलगा वाचला, मी वाचले. २०१६ साली माझ्या सुनेला बत्तिसाव्या आठवड्यात दाब १६०च्या वर गेला म्हणून दाखल केलं. निवासी डॉक्टर मुलगा चांगला होता, सगळा इतिहास विचारत होता. "तुमच्या आईला होतं का बीपी? बहिणीला? मागे गर्भपात? लग्न नात्यात?" ती नाही नाही म्हणत गेली. मी कॉटच्या पायथ्याशी उभी होते. म्हटलं, "मला झाले होते झटके. हिच्या नवऱ्याच्या वेळेस." त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "आजी, ते नाही धरत. तिच्या माहेरचं लागतं."

त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या हातातल्या कागदावर तो रकानाच नव्हता. नात जन्मली, तेवीस दिवस काचेच्या पेटीत राहिली, आता शाळेत जाते. पण आमच्या घरात दोन-तीन वर्षं "हिच्याच माहेरचं काहीतरी असणार" अशी कुजबुज चालली होती आणि ती करणाऱ्यांत, लाज वाटते सांगायला, सुरुवातीला मीही होते. २०१७चा तो शोधनिबंध मी पुढे माझ्या कामात सारांश म्हणून वाचला. एफएलटी१ पिवळ्या रंगात, प्रीएक्लॅम्प्सिया हिरव्या रंगात. 'बरोबर' अशी खूण केली, संगणक मिटला आणि सुनेला चहा करून दिला.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मी कपाटातले या विषयावरचे सगळे थिसिस एकदा उघडून पाहिले होते. त्यांच्या शेवटी जो मास्टर चार्ट असतो ना, आडव्या कागदावर बारीक टाइपात, तोच मला सगळ्यात मोलाचा वाटतो. दर ओळीला एक बाई. वय, कितवी खेप, किती आठवडे, दाब, लघवीतलं प्रथिन, प्लेटलेट, प्रसूती कशी, बाळाचं वजन, पेटीत किती दिवस. त्याच्या अलीकडचं 'रिव्ह्यू ऑफ लिटरेचर' मात्र मी डोळे मिटून सोडून देते. तीन वेगवेगळ्या वर्षांच्या तीन थिसिसमध्ये एकच स्पेलिंगची चूक एकाच जागी पाहिल्यावर त्याबद्दल काय बोलणार? पण मास्टर चार्ट कोणी कोणाचा उतरवत नाही. त्या ओळी त्या मुलांनी रात्री लेबर रूममध्ये उभं राहून भरलेल्या असतात. आणि मी पाहिलेल्या एकाही चार्टात नवऱ्याच्या आईचा रकाना नव्हता.

माझं म्हणणं एवढंच आहे, साहेब आणि मॅडम: तो रकाना घाला, आणि ते चार्ट कपाटाबाहेर काढा.

यंत्र काय वाचतं आणि काय वाचत नाही याची आपल्याला कल्पना यावी म्हणून थोडं सविस्तर सांगते. पुण्या-मुंबईच्या संस्थांमधून निघालेले, चांगल्या नियतकालिकांत छापून आलेले लेख यंत्राला सापडतात. पण एमडी-एमएसचा थिसिस त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. पीएचडीचे प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात जातात, एमडी-एमएसचे बहुतेक आमच्यासारख्यांच्या कपाटात. त्यामुळे गर्भारपणातल्या आजारांच्या जनुकांची जी चित्रं आज जगभर तयार होताहेत, त्यांत युरोपातल्या बायका खच्चून भरलेल्या असतात. २०१७ साली गरोदरपणाच्या कालावधीशी जोडलेली जनुकं शोधणारा मोठा अभ्यास झाला, ४३,५६८ बायकांचा. सगळ्या युरोपीय वंशाच्या. प्रीएक्लॅम्प्सियावरच्या २०२०च्या मोठ्या अभ्यासात युरोपच्या जोडीला कझाकस्तान आणि उझबेकिस्तानातल्या बायका होत्या. त्यांना जमलं. आणि २०२० साली जगात अपुऱ्या दिवसांची सगळ्यात जास्त बाळं जन्मली ती आपल्या देशात, तीस लाखांहून जास्त, म्हणजे जगातल्या दर पाचांतलं एक. गुरुग्रामच्या सिव्हिल हॉस्पिटलात २०१५पासून फरीदाबादच्या संस्थेने गर्भवतींचा 'गर्भिणी' अभ्यास चालवला आहे, तो उत्तम आहे. पण देशाच्या एका टोकाच्या एका जिल्ह्याने सगळ्यांचं काम भागत नाही. मराठवाड्यात आणि कोल्हापूर-सांगलीकडे मामाच्या मुलीशी लग्नं होतात, ही जनुकशास्त्राच्या दृष्टीने केवढी महत्त्वाची गोष्ट. आपल्या केसपेपरवर नात्यातल्या लग्नाचा रकाना असतोही. मग ते कागद जातात कुठे?

आपल्याकडे म्हण आहे, बोलणाऱ्याचे हुलगेही विकले जातात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. यंत्राच्या बाबतीत ही म्हण अक्षरशः लागू पडते. ज्या जनुकावर जास्त लेख, ते यादीत वर. एमटीएचएफआर, एसीई, एनओएस३ ही नावं मी इतक्यांदा पिवळी केली आहेत की झोपेतही दिसतात. त्यांच्यावरचे बरेचसे अभ्यास शे-दोनशे बायकांचे, एकाचा निष्कर्ष दुसऱ्याशी जुळत नाही. त्यातही ज्यांना काहीच संबंध सापडला नाही, त्यांचं छापून येत नाही. ते आपल्या विद्यार्थ्याच्या थिसिसमध्ये 'नो स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट असोसिएशन' अशा एका ओळीत राहतं आणि व्हायवा झाला की कपाटात जातं. जगाला वाटत राहतं की संबंध आहे, कारण 'नाही' म्हणणारे गप्प आहेत. 'नाही' हेही उत्तर असतं. ते लिहून बाहेर पाठवायला विद्यार्थ्याला भाग पाडणं फक्त आपल्या हातात आहे.

शिवाय यंत्र बिचारं भोळं असतं. "एमटीएचएफआर आणि प्रीएक्लॅम्प्सिया यांच्यात संबंध आढळला नाही" या वाक्यात दोन्ही नावं आली की ते खुशाल जोडी लावून मोकळं होतं. तुमच्या संक्षेपांनी तर ते पार गोंधळतं. पीई म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया, आणि पीई म्हणजे फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी. दोन्ही गरोदर बाईला होतात, दोन्ही एकाच लेखात येऊ शकतात. पीटीबी म्हणजे अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि पीटीबी म्हणजे फुप्फुसांचा क्षय. भारतातला लेख असला की मी दोनदा वाचते. पीआयएच म्हणजे आपला गर्भारपणातला दाब, आणि मेंदूतलं प्रोलॅक्टिन रोखणारं संप्रेरकही. आधीच्या पिढीतले डॉक्टर 'टॉक्सिमिया' लिहायचे, त्यावरून तर नेमका कोणता आजार ते कळतच नाही. जनुकांच्या नावांचीही तीच तऱ्हा. एफएलटी१ला कोणी व्हीईजीएफआर१ म्हणतं. काही जनुकांची नावं एक्सेलमध्ये टाकली की ती तारखा होऊन बसायची, सप्टेंबर एक, मार्च एक. शेवटी २०२० साली जगाच्या नामकरण समितीने हात टेकले आणि त्या जनुकांची नावंच बदलली. मायक्रोसॉफ्टपुढे जनुकशास्त्र झुकलं, यावर आमच्या कामाच्या गटात आठवडाभर हसू चाललं होतं.

म्हणून आपल्या मुलांना एवढं सांगा की संक्षेप पहिल्यांदा वापरताना पूर्ण शब्द लिहायचा आणि जनुकाचं मान्य नाव लिहायचं. आजाराची व्याख्या कोणती धरली तेही लिहायचं. २०१३ साली अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने लघवीत प्रथिन असलंच पाहिजे ही अट काढून टाकली, म्हणजे २००८चा थिसिस आणि २०१८चा थिसिस 'प्रीएक्लॅम्प्सिया' म्हणून मोजतात त्या बायका वेगवेगळ्या. हे चार्टाच्या खाली एका ओळीत लिहिलं नाही, तर पुढे यंत्रालाही कळत नाही आणि मलाही. मी चारदा तो सारांश वाचून 'सांगता येत नाही' वर खूण करते आणि एका बाईची ओळ वाया जाते.

आपण म्हणाल, हे सगळं बाहेर काढायचं तर रुग्णांच्या गोपनीयतेचं काय? अगदी बरोबर. मी पाहिलेल्या जुन्या चार्टांत आयपी नंबर (दाखल रुग्णाचा क्रमांक) असतात, कधी बाईचं पूर्ण नाव, एकात तर गावही होतं. ते तसंच स्कॅन करून इंटरनेटवर टाकलं तर मीच पहिली तक्रार करीन. नावं, नंबर, तारखा काढून टाकायच्या, तारखेऐवजी आठवडे ठेवायचे, वय पाच-पाच वर्षांच्या गटात टाकायचं. दुर्मीळ आजाराची एखादीच ओळ असेल तर ती ठेवायचीच नाही. एथिक्स कमिटीकडून एकदा पद्धत मंजूर करून घेतली की दर वर्षी नवा वाद नको. हे काम करायला ग्रंथपाल आहेत. आम्हाला कोणी विचारत नाही एवढंच. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने मनावर घेतलं तर एका सत्रात नमुना ठरेल, पण विद्यापीठाची वाट पाहत बसायला मी सांगत नाही. एका विभागाने आपल्या दहा वर्षांच्या चार्टांपासून सुरुवात केली तरी कपाट हलकं होईल.

आणि हो, या चार्टांत जनुकांची माहिती फारशी नाही, हे मला ठाऊक आहे. रक्ताचा नमुना घेऊन पुढे तपासणी झालेले थिसिस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तरी ते लागतात, कारण जनुक शोधणाऱ्याला आधी हवं असतं ते बाईचं नेमकं वर्णन. कोणत्या आठवड्यात दाब वाढला, बाळ खुजं होतं का, पुढच्या खेपेला पुन्हा झालं का, नवरा बदलला का. हे वर्णन प्रयोगशाळेत मिळत नाही, लेबर रूममध्ये मिळतं. म्हणजे आपल्याकडे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल

ता. क. माझी स्वतःची ओळ देते आहे, कुठल्या चार्टात बसली तर बसवा. प्रसूती १९८४. वय २३. पहिलटकरीण. नात्यात लग्न नाही. आठवा महिना. दाब: केसपेपर हरवला. झटके: दोन, प्रसूतीपूर्वी. आईला बीपी: नाही. बाळ: मुलगा, वजन पावणेदोन किलो, जिवंत. सासूला झटके: विचारलं नाही, आणि आता त्या नाहीत.